शनिवारची नळी

१

शनिवारी राखी तांड्यावर पोचली तेव्हा तिचा बाप लखीराम ओट्यावर बसून आपल्या चुलतभावाशी न बोलण्याचं काम मन लावून करत होता.

चुलतभाऊ पूनमसिंग पुढ्यातच उभा होता. शेताच्या धुऱ्यावरच्या, सामाईक बांधावरच्या एका पळसावरून दोन वर्षांपूर्वी दोघांचं बिनसलं, तेव्हापासून शब्द बंद. पण पूनमसिंगची बीपीची गोळी अजूनही याच घरातून मिळायची. रोज सकाळी तो यायचा, लखीरामच्या डोक्यावरून पलीकडे बघायचा आणि तळहात पुढे करायचा.

"भाभी, दे वं."

राखीची आई जमनी कमरेची कोथळी, कापडी पिशवी, सोडायची. काचा-कवड्यांची, तिनं स्वतः भरतकाम केलेली. आत चार कप्पे होते. एक सकाळच्या गोळ्यांचा, एक रात्रीच्या, एक पूनमसिंगचा आणि एक 'असाच'. जमनीला वाचता येत नव्हतं आणि गोळ्यांच्या पाकिटांवर तिचा विश्वास नव्हता. आर्णीहून गोळ्या आल्या की त्याच दिवशी ती कात्रीनं पाकिटं कापून काढायची, गोळ्या कप्प्यांत टाकायची आणि उरलेले चकचकीत तुकडे दोरीत ओवून तुरीच्या कडेला लटकवायची, पोपटांनी भ्यावं म्हणून. गोळ्यांना हवा लागते, हे राखीनं शंभरदा सांगून झालं होतं. पोपट मात्र खरंच येत नव्हते.

"झाड माझं होय म्हणा," लखीराम आभाळाकडे बघून म्हणाला.

"आभाळाले काय सांगतो, झाडालेच इचार म्हणा," पूनमसिंग गोळी तोंडात टाकून चालता झाला.

राखी हसली. तिनं पिशवीतून पट्टा, सुई आणि नळी काढली. आर्णीला डॉक्टर प्रेरणा यांच्या लॅबमध्ये ती अकरा वर्षं रक्त तपासत होती. महिन्यातून एकदा बापाचं रक्त घ्यायचं, साखर बघायची, हा तिचा नेम होता.

"बापू, चेहरा का उतरलाय?"

"चार दिवस झाले, पोट खराब हाये. उलट्या बी झाल्या. हातापायाले मुंग्या येऊन राह्यल्या." त्यानं छातीवर हात ठेवला. "इथं बी कसंतरी होते."

"लग्नात जाऊन तेलकट खायला कोणी सांगितलं होतं?"

"पण गुडघा पाहा!" लखीरामनं पाय मुडपून दाखवला. लहान पोरानं नवी बाहुली दाखवावी तसा. सहा वर्षांत तो गुडघा इतका वाकला नव्हता. "सदाशिवरावची पुडी. जडीबुटी होय. धा दिवसात सूज उतरली."

कोनाड्यात कागदाच्या पुड्यांची चळत होती. राखीनं कपाळाला आठी घातली. पण गुडघा वाकत होता, आणि तिची बस निघायला वीस मिनिटं होती. तिनं सुई टोचली. नळी भरत गेली.

"रक्तात सगळं दिसते का वं?" लखीरामनं विचारलं.

"नाही बापू. जे विचारलं तेच दिसतं."

"मंग आज काय इचारशील?"

"साखर."

"बस?" तो हसला. "एवढी शिकली आन एकच सवाल?"

राखीनं नळीवर नाव आणि तारीख लिहिली आणि ती बसच्या दिशेनं पळाली.

२

सोमवारी सकाळी सात वाजता फोन आला. पूनमसिंगचा होता.

"राखी, तुया बापू... तू ये."

लखीराम पुढच्या खोलीत खाटेवर होता. पांढऱ्या चादरीखाली त्याचा वाकणारा गुडघा सरळ पडला होता. जमनी मागच्या खोलीत झोपली होती. पाचला उठून चहा घेऊन आली, तर अंग थंड. ती ओरडली तसा पूनमसिंग धावत आला आणि जमनी माणसं बोलवायला गेली तोवर तोच मेलेल्यापाशी बसला. त्यानं जवळच्या गावातल्या सदाशिवरावांना फोन केला. ते स्कूटरवर आले, "तपासू द्या" म्हणाले, आत एकटे गेले आणि मान हलवत बाहेर आले. मग तांड्याची आशा कार्यकर्ती बेबीताई आली. पोलिस येईपर्यंत तीच आत बसून होती.

डोकं नीट ठेवावं म्हणून बेबीताईनं उशी उचलली. उशीखाली गोळ्यांचं पाकीट होतं. झोपेच्या गोळ्यांचं. दहा खळगे, दहाही रिकामे.

जमादार बबनरावांनी ते पाकीट रुमालात घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. थकलेले होते.

"बाई, तुमचे वडील लोकाईले काय म्हणत, ठाऊक हाये? 'या गुडघ्यानं जीव नकोसा केला.' पाच माणसं सांगून राह्यली."

"तो गुडघा बरा झाला होता."

"पाकीट उशीखाली भेटलं ना?" ते नरमाईनं म्हणाले. "पोस्टमॉर्टम होईल, व्हिसेरा तपासाले जाईल. अहवालाले चार-सहा महिने लागते. तोवर कायले जिवाले त्रास करून घेता?"

संध्याकाळी अग्नी दिला. माणसं आली, हात जोडून गेली. बाया बसल्या, पण कोणी ढावलो धरला नाही. तांड्यात माणूस गेलं की बाया रडता रडता त्याच्याशी बोलतात. तू असा होतास, हे म्हणाला होतास, हे करायचं राहिलं. बोलण्याला चाल असते, म्हणून त्याला गाणं म्हणतात. पण आपल्या हातानं गेलेल्या माणसाशी काय बोलायचं? बाया पदर तोंडाला लावून गप्प राहिल्या.

राखीकडे कोणी पाहिलंच नाही. सासरी जाताना नवरीनंही ढावलो करायचा असतो; तिच्या लग्नात तरी तिनं कुठं केला होता? ओठ मिटून जीपमध्ये बसली होती, पुस्तकं वाचणारी मुलगी. बाप जीपच्या काचेला हात लावून बराच वेळ उभा होता. ती बोलेल म्हणून.

रात्रीची भाकर कोणी खाल्ली नाही. तांड्याचा नायक शंकरसिंग उठताना राखीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "झालं ते झालं, बाई. वर काढू नको. तुया बापाचंच नाव खराब होते."

"खराब झालंच आहे, नायक," राखी म्हणाली. "आता काढीनच."

३

मंगळवारी सकाळी पूनमसिंग आला. सवयीनं. तळहात पुढे केला आणि रिकाम्या ओट्याकडे बघून तसाच उभा राहिला. जमनीनं कोथळी सोडली, त्याचा कप्पा चाचपला, गोळी दिली.

राखी ते बघत होती. गोळी सुटी होती, पाकिटातली नव्हती.

ती उठून तुरीच्या कडेला गेली. दोरीत पाकिटं लटकत होती. प्रत्येक पाकीट मधोमध कात्रीनं कापलेलं होतं. अंगठ्यानं दाबून फोडलेलं एकही नव्हतं. जमनीच्या अंगठ्यात तेवढा जोर उरला नव्हता, आणि लखीरामची बोटं तर वातानं वाकडी झाली होती. त्याच्या हातून बिडीचा कट्टा फुटत नसे. सोमवारी रुमालात गेलेल्या पाकिटाचे खळगे मात्र अंगठ्यानं दाबून, एकसारखे फोडलेले होते.

तिनं आर्णीच्या ठाण्यात जाऊन बबनरावांना हे सांगितलं.

"बाई, माणूस मरायले निघाला की त्याच्या हातात जोर येते."

"आणि पाकीट कुठून येतं? आमच्या घरात पाकीट टिकतच नाही, जमादारसाहेब. बाजारातून आलं की त्याच दिवशी पोपटांना जातं."

बबनराव पहिल्यांदा हसले, मग हसू आवरलं. "कोर्टात पोपट चालत नाही. ठोस काही आना."

ती पुढे तिघांना भेटली. सोमवारी सकाळी लखीरामपाशी एकटे बसलेले तिघं.

पूनमसिंग धुऱ्यावर पळसाखाली बसला होता. "मी मारला म्हणतं का तू त्याले?" त्यानं विचारलं. "म्हण. या झाडासाठी दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाई. त्यापरीस मोठं कांई करनार मी?" आणि तो ढसाढसा रडला.

बेबीताई बावरली होती. "उशी मी उचलली म्हणून मीच का? मावशीच्या घरी मी दर महिन्याले येतो. गोळ्या मीच तिच्यासंगं कापतो. मले बी अशीच कोथळी शिवून दे म्हणून मांगं लागलो होतो." मग आवाज खाली करून म्हणाली, "एक चुकलं. सदाशिवरावकडं लोकाईले मीच धाडलं. गुण येते म्हणून."

सदाशिवराव रविवारच्या बाजारात छत्री लावून बसत, बाकी दिवस घरी. भिंतीवर 'सांधेदुखी निवारण' अशी पाटी. त्यांनी राखीला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मोठा सज्जन माणूस. नाडी पाहिली, पण काही उरलंच नव्हतं."

"तुमची पुडी घेत होते."

"छे! आठवड्यापूर्वीच सोडली त्यांनी. गुण आला, म्हटलं बंद करा."

राखीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. शनिवारी तिनं कोनाड्यात पुड्यांची चळत पाहिली होती. घरी येऊन तिनं कोनाड्यात हात घातला. आत काहीच नव्हतं. बोटाला फक्त धूळ लागली, आणि त्या धुळीत पुड्या उचलल्याचा चौकोनी डाग होता.

४

डॉक्टर प्रेरणांच्या लॅबचा एक नियम होता. तपासून उरलेलं रक्त सात दिवस फेकायचं नाही. कोणी निकालावर शंका घेतली तर पुन्हा बघता यावं म्हणून.

बुधवारी राखीनं फ्रिज उघडला. तिसऱ्या कप्प्यात, रॅकमध्ये, तिच्याच अक्षरातलं नाव होतं. लखीराम, शनिवार. नळीत लालसर गाठ खाली बसली होती आणि वर पिवळं पाणी उरलं होतं.

"तू घरी का नाहीस?" प्रेरणांनी विचारलं.

"मॅडम, एक ट्रोपोनिन लावू?"

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूत असणारं प्रथिन. हृदय शाबूत असेल तर ते रक्तात जवळजवळ नसतंच. स्नायू तुटायला लागला की ते पाझरून रक्तात येतं आणि कार्डावर गुलाबी रेघ उमटते. छातीत दुखणाऱ्यांसाठी राखीनं असली शेकडो कार्डं लावली होती.

तिनं तीन थेंब सोडले. पंधरा मिनिटं थांबायचं असतं. रेघ पाचव्या मिनिटालाच आली, आणि गडद आली.

राखीनं कार्ड उजेडात धरलं.

"शनिवारी सकाळी हे रक्त घेतलं," राखी म्हणाली. "पोलिस म्हणतात, गोळ्या रविवारी रात्री घेतल्या."

"नळी इतके दिवस पडून होती म्हणून तर नाही ना?" प्रेरणांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "नाही. पडून राहिलं तर हे कमी होईल. आपोआप वाढणार नाही." त्या खुर्चीत बसल्या. "आणि झोपेच्या त्या दहा गोळ्यांनी माणूस दिवसभर झोपेल. शनिवारी हृदय तोडायला त्या मागच्या तारखेत जाणार नाहीत."

"म्हणजे त्यांनी जीव दिला नाही."

"थांब, राखी." प्रेरणा कठोर नव्हत्या, पण नेमक्या होत्या. "ही रेघ इतकंच सांगते की हृदय तुटत होतं. कशानं, ते सांगत नाही. एकसष्ट वर्षांचा, साखरेचा माणूस. साधा हार्ट अटॅकही असू शकतो. बबनराव हेच म्हणतील."

"मग ते पाकीट कोणी ठेवलं?"

"ते मला ठाऊक नाही. मला रक्त कळतं, पाकिटं नाही." मग त्या थांबल्या. "त्यांना आणखी काय होत होतं?"

राखीनं एकेक सांगितलं. उलट्या, जुलाब, मुंग्या. आणि दहा दिवसांत उतरलेला गुडघा. सांगताना तिचा आवाज सरळ होता, कागद वाचल्यासारखा.

प्रेरणांनी चष्मा काढला. "सुजलेला सांधा इतक्या झटपट उतरवणारं आणि वर पोट बिघडवणारं एक औषध आहे. कोल्चिसिन. वातरक्तावर, म्हणजे गाऊटवर देतात, मोजून. जरा जास्त झालं की आधी पोट, मग हृदय. पण हा माझा अंदाज आहे. व्हिसेऱ्याच्या चिठ्ठीत 'झोपेच्या गोळ्या' लिहिलं असणार. ते झोपेच्या गोळ्याच शोधतील."

"जे विचारलं तेच दिसतं," राखी म्हणाली.

"हो."

राखीनं कार्ड पाकिटात घातलं. एका माणसाचं हृदय तुटलं तर तो योगायोग. पण पुडी घेणारी आणखी माणसं तांड्यात होती. आणि रविवार पुन्हा येणार होता.

५

गुरुवारी सकाळी ती आठ नळ्या घेऊन तांड्यावर आली. चार पुडी घेणाऱ्यांसाठी, चार न घेणाऱ्यांसाठी. न घेणाऱ्यांचं रक्त कशाला, असं सगळ्यांनी विचारलं.

"तुमचं चांगलं निघालं तरच त्यांचं वाईट कळेल," राखी म्हणाली.

"आमी कायले देऊ? रगत काढून माणूस मेला तं?" एक जण म्हणाला.

"तर पोलिसांकडे माझं नाव लिहा." तिनं पट्टा पूनमसिंगपुढे धरला. तो पुडी घेत नव्हता. त्यानं मुकाट्यानं बाही वर केली. तो बसला म्हणून बाकीचे बसले.

पुडी घेणाऱ्यांत सुखीबाई होती, शेजारची, कंबरदुखीनं वाकलेली, तरी कापूस वेचायला सगळ्यांच्या पुढे. नायकाची बायको कौसल्या होती. एक मेंढपाळ होता.

"आणखी कोणी?" राखीनं विचारलं.

मग जमनी पुढे आली आणि तिनं बाही सरकवली.

"याडी? तू पण?"

"त्याले इतका गुण आला ना," जमनी खाली बघत म्हणाली. "त्यानंच चार पुड्या देल्ल्या. दोन घेतल्या. दोन ठेवल्या, असाच." आणि तिनं कमरेची कोथळी सोडून चौथा कप्पा उलटा केला.

राखीच्या तळहातावर दोन पुड्या पडल्या. जुन्या दिनदर्शिकेच्या कागदात बांधलेल्या.

दुपारपर्यंत आठ कार्डं लॅबच्या टेबलावर रांगेत होती. न घेणाऱ्या चौघांच्या कार्डावर काही उमटलं नाही. मेंढपाळाच्या नाही, जमनीच्या नाही. त्यानं चार दिवसच घेतली होती, तिनं दोनच पुड्या. सुखीबाईची रेघ ठळक होती. कौसल्याची फिकट, पण होती.

राखीनं नायकाला फोन केला. पाच मिनिटांत शंकरसिंगची जीप निघाली. दोघी बायांना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. प्रेरणांनी चिठ्ठी दिली होती, तिच्यात औषधाचं नाव आणि पुढे प्रश्नचिन्ह होतं. संध्याकाळी राखी तांड्यावर परतली तेव्हा तिथून नायकाला फोन आला. सुखीबाईचे ठोके बिघडले होते, पण वेळेवर आणलं. दोघी देखरेखीखाली आहेत.

शंकरसिंगनं फोन ठेवला आणि राखीकडे पाहिलं. "मी तुले म्हटलं होतं, वर काढू नको."

"हो, नायक."

"उद्या सकाळी माझ्या अंगणात बैठक. सदाशिवरावले बी बोलावतो. जमादाराले बी."

६

शुक्रवारी अंगण भरलं. नायक खाटेवर, बबनराव खुर्चीत. प्रेरणा लॅब बंद करून आल्या होत्या. सदाशिवराव शुभ्र कपड्यांत, शांत.

राखीला बोलायची सवय नव्हती. ती उभी राहिली आणि तिघांना एकच प्रश्न विचारला. एकेकाला बाजूला, गोठ्यापाशी नेऊन, बबनरावांसमोर.

"आमच्या घरात बापूंची औषधं कुठे असतात?"

बेबीताई म्हणाली, "मावशीच्या कोथळीत. दुसरीकडं कुठं?"

पूनमसिंग म्हणाला, "भाभीच्या कमरेले. माझी बी तिथंच हाये."

सदाशिवराव किंचित हसले. "आता कुठे असणार? पाकिटं असतील उशाशी नाहीतर डब्यात, सगळ्यांच्या घरी असतात तशी. मी काही त्यांच्या घरात राहत नव्हतो."

बबनरावांनी मान वर केली. तिघांना परत अंगणात आणलं.

"जमादारसाहेब," राखी म्हणाली, "सोमवारी ज्यानं पाकीट ठेवलं, त्याला आमचं घर माहीत नव्हतं. काका रोज सकाळी माझ्या आईच्या कोथळीतून गोळी घेतो. तो ठेवता तर सुट्या गोळ्या ठेवता, पाकीट नाही. बेबीताई स्वतः कात्री चालवते. तीही ठेवती तर कापून ठेवती. सोमवारी आत एकटे गेलेले तिघं. त्यातला एकच असा, जो आमच्या स्वयंपाकघरात कधी बसला नाही."

"हा काय पुरावा झाला?" सदाशिवराव बोलले. आवाज अजून शांत होता. "मी का ठेवीन? मला त्यांचं काय वावडं?"

"कोनाड्यातल्या पुड्या न्यायच्या होत्या म्हणून. रविवारी बाजारात बापू तुमच्याकडे आला होता, आईनं सांगितलं. उलट्या सांगितल्या असणार त्यानं. सोमवारी तो गेला हे कळल्यावर तुम्हाला कळलं, कशानं. पुड्या उचलल्या आणि मरणाला दुसरं कारण ठेवून गेलात. शनिवारच्या रक्तात हृदय तुटलेलं आहे, सदाशिवराव. तुमचं पाकीट दोन दिवस उशिरा पोचलं."

"माझ्या पुडीत सुंठ आहे, अश्वगंधा आहे!" ते उठून उभे राहिले. "कुठे आहे माझी पुडी? दाखवा एक तरी!"

जमनीनं कोथळी सोडली. दोन पुड्या काढून खाटेवर ठेवल्या. दिनदर्शिकेचा तोच कागद.

सदाशिवराव बघतच राहिले. कोथळीचं त्यांना सोमवारीही ठाऊक नव्हतं.

शंकरसिंगनं एक पुडी उचलली. सोडली. करड्या रंगाची भुकटी त्याच्या सुरकुतलेल्या तळहातावर आली.

"सुंठ हाये म्हणता ना?" तो म्हणाला. "माझी घरवाली हीच खाऊन दवाखान्यात पडली हाये. मले बी सांधे दुखते. पानी आना रे."

"नायक, नको!" राखी ओरडली. पण ती दूर होती.

सदाशिवराव जवळ होते. त्यांनी झडप घालून नायकाचं मनगट धरलं. भुकटी उडून त्यांच्याच शुभ्र सदऱ्यावर पडली.

त्यांनी मनगट सोडलंही नाही, जणू धरून ठेवलं तर अजून काहीतरी वाचेल.

"सोडा," शंकरसिंग म्हणाला. "खात नाई मी. एवढंच पाहाचं होतं."

ते खाली बसले. मग सगळं तुटक तुटक बाहेर आलं. नुसत्या जडीबुटीनं गुण येत नव्हता. वातरक्ताच्या गोळ्या कुटून मिसळल्या, आधी एक, मग लोक म्हणाले अजून सूज आहे, मग दोन, मग तीन. लखीरामनं रविवारी उलट्यांचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, उष्णता बाहेर पडते आहे, आणखी एक घ्या. झोपेच्या गोळ्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. घरून निघतानाच अंगठ्यानं फोडून वाटेत नाल्यात टाकल्या.

"मी मारायचं म्हणून नाही मारलं," ते म्हणाले. "आणि तो तर गेलाच होता. मेलेल्या माणसाचं पाकिटानं काय जाणार होतं?"

"त्याचं नाव गेलं," राखी म्हणाली. आवाज चढला नाही. "त्याला रडायला आलेल्या बाया गप्प बसल्या. माझी आई पाच दिवस विचारते आहे, मी काय कमी केलं म्हणून तो असा गेला. ते तुम्ही उशीखाली ठेवलं होतं. आता ते उचला. इथे, सगळ्यांसमोर, तोंडानं."

सदाशिवरावांनी वर पाहिलं. बबनरावांनी कागद पुढे सरकवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"बोला," ते म्हणाले. "बाई म्हणते तसं. मोठ्यानं."

त्यांनी सांगितलं. लखीरामनं जीव दिला नाही. पाकीट मी ठेवलं.

बबनरावांनी ते लिहून घेतलं. मग दुसरा कागद काढला, व्हिसेरा तपासणाऱ्यांसाठी, आणि राखीला विचारलं, "त्या औषधाचं नाव सांगा. नीट एकेक अक्षर. काय शोधाचं ते त्याईले ठाऊक पाहिजे."

राखीनं एकेक अक्षर सांगितलं.

७

शनिवारी सकाळी पूनमसिंग आला. ओट्यापाशी थांबला. जमनीनं कोथळी सोडली, पण त्यानं तळहात पुढे केला नाही. तो रिकाम्या ओट्याकडे बघत होता, डोक्यावरून पलीकडे नाही, सरळ, जिथे लखीरामचं तोंड असायचं तिथे.

"झाड तुयंच होय," तो म्हणाला. "आगुदरपासून तुयंच होय."

आजूबाजूच्या बाया एकेक करून अंगणात येऊन बसल्या होत्या. कोणी बोलावलं नव्हतं. कौसल्याला दवाखान्यातून सोडलं होतं, ती भिंतीला टेकून बसली. सुखीबाई अजून तिथेच होती, पण बरी होती. आता रडायला हरकत नव्हती. तरी कोणी सुरुवात करेना. पहिला शब्द घरच्या बाईनं धरायचा असतो, आणि जमनी कोथळीची गाठ नुसती सोडत-बांधत बसली होती.

राखी ओट्यावर बसली, बाप बसायचा त्या जागी. तिला चाल येत नव्हती. लहानपणी ऐकलेलीही आठवेना. ती नुसतीच बोलू लागली, घरच्या बोलीत, हळू, आणि तिचा आवाज मधेच असा फुटला की तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"बापू, तू स्वतःहून गेला नाहीस. मी सगळ्यांना सांगितलं. जमादाराच्या कागदावर लिहून घेतलं. सगळं सांगितलं, एक सोडून."

बायांनी माना वर केल्या.

"तू छातीवर हात ठेवला होतास. मी पाहिला. नळी माझ्या हातात होती, बापू. मी तिला साखर विचारली आणि बससाठी पळाले. तुला काय होतंय, ते मी विचारलंच नाही."